रंगूबाईची सुरगी

“बघा तरी एकदा,” हरणाबाई पट्टी सोडता सोडता म्हणाली.

खाटेवरच्या रंगूबाईनं तोंड भिंतीकडं केलं. “तुमी बगताय न्हवं? मग झालं की.”

“मी काय, रोजच बघतेय. जखम छान भरून आलीय. पण अंग तुमचं आन् त्याची वळख मला, हे काय बरं न्हवं.”

“असू दे.”

हरणाबाईनं जास्त ताणलं नाही. कोमट पाण्यातला कापूस फिरवला, नवी पट्टी बांधली, दवाखान्याचा सैल झगा रंगूबाईच्या खांद्यावर ओढून दिला आणि ती पुढच्या खाटेकडं वळली. बायकांच्या वॉर्डात काम करता करता तिचे केस पिकायला लागले होते. छातीत गाठ म्हणून आलेली बाई वेगळी आणि ऑपरेशन होऊन एका बाजूनं सपाट झालेली बाई वेगळी, हे तिला आता कुणी शिकवायला नको होतं. आलेली बाई मरणाला भीत असते. ऑपरेशन झालं की तीच बाई विहिरीवरच्या बायकांना भ्यायला लागते.

मिरजेचा तो दवाखाना मोठा होता. डॉक्टर भला माणूस, हाताला यश असलेला. पण वॉर्ड कायम भरलेला, त्यामुळं टाके घालून झाले की ते पुढं जायचे. जाताना म्हणायचे, “हरणाबाई, बाकीचं तेवढं बघा.” आता ह्या ‘तेवढं’मध्ये काय काय यायचं म्हणता? दुखरा हात भिंतीवर बोटांनी चालवत वर न्यायला शिकवायचं. त्या हातानं हंडा उचलायचा नाही, त्या हातात घट्ट बांगड्या भरायच्या नाहीत, उसाची पात लागून कापलं तर अंगावर काढायचं नाही, नाहीतर हात सुजून खांबासारखा होतो, हे पुन्हा पुन्हा घोकून घ्यायचं. विजेचा शेक घेऊन कातडी काळी पडली की बायका रडायच्या, तेव्हा शेजारी बसायचं. आणि बाहेर बाकावर बिड्या ओढत बसलेल्या नवऱ्यांना गाठून सुनवायचं, की बाबांनो, हा रोग शिवून होत नाही, घरी गेल्यावर बाईचं ताट-वाटी वेगळं काढलंत तर माझ्याशी गाठ आहे.

हरणाबाई मूळची आटपाडीकडची, मेंढपाळाची लेक. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा बापानं तिला ह्या दवाखान्यात आया म्हणून आणून सोडलं. आयाची नर्स व्हायला तिनं पुष्कळ खस्ता खाल्ल्या. तोंडानं फटकळ, पण हात असा हलका की पट्टी सुटलेली कळायची नाही. बोलणं शहरी वळणाचं झालं होतं खरं. मात्र समोरची बाई रडायला लागली की हिच्या तोंडात आपसूक माणदेशातली बोली यायची.

रंगूबाई शिराळ्याच्या पलीकडच्या एका गावातली. घरचा ऊस, दावणीला जनावरं, नवरा लालासाहेब पलटणीतून हवालदार होऊन आलेला. दोन लेकरं पाळण्यातच गेली, त्यांच्या पाठीवर एकटी मनू जगली. ऑपरेशनला बाई हूं की चूं न करता गेली. नंतरही ‘दुखतंय’ म्हणून कधी तक्रार नाही. पण स्वतःच्या अंगाकडं बघायचं नाही, आणि कुणाशी बोलायचंही नाही.

एका दुपारी हरणाबाई तिचे केस विंचरायला बसली. हात अजून डोक्यापर्यंत जात नव्हता, म्हणून रोज वेणी हरणाबाईच घालायची. दाट, लांबसडक केस, फणी चालवायला जोर लागायचा.

“लेकीचं केस बी असंच हायेत का?” हरणाबाईनं सहज विचारलं.

झालं. एवढे दिवस कोरडी राहिलेली बाई धाय मोकलून रडायला लागली. हरणाबाईनं फणी खाली ठेवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

“मनूचं ठरलंय,” रंगूबाई म्हणाली. “मलकापूरचं ठिकान हाय. पोरगा साळंत मास्तर. वैशाखात बार उडवायचा. आन् त्यास्नी ह्यातलं काय बी ठावं न्हाई. पोटाचं आपरीशन म्हनून सांगिटलंय समद्यास्नी. आईला आसला रोग हाय म्हनल्यावर लेकीला कोन करून घील? मोडंल सोयरीक.”

“मग सांगू नका. तुमच्या अंगावर काय लिवून ठेवलंय व्हय?”

“सुरगीला कशी बसू?”

हरणाबाईला कळलं. लग्नाच्या हळदीला सुरगी घालतात. सारवलेल्या जागी चारी कोपऱ्यांना पाण्यानं भरलेले तांबे ठेवायचे, त्यांच्या गळ्याभोवती सुताचे फेरे घ्यायचे, आणि त्या सुताच्या आत पाटावर नवरी आणि तिची आई मांडीला मांडी लावून बसतात. सगळ्या सवाष्णी हळद लावतात, गाणी म्हणत डोक्यावरून पाणी ओततात. ओलं लुगडं अंगाला चिकटतं. काय झाकणार आणि कुणापासून झाकणार? गावच्या बायका चारी बाजूंनी उभ्या, त्यातच नवऱ्या मुलाकडून उष्टी हळद घेऊन आलेल्या व्याह्यांकडच्या बायका.

“जावंला बसवते म्हनलं माज्या जागी,” रंगूबाई डोळे पुसत म्हणाली. “पर आई जिती आसताना जाऊ बसली तर लोकं काय म्हनतील? आन् लोकांचं मरू दे. एकच पोरगी वो माजी. तिच्या संग सुरगीला बसायचं म्हनून तर मी आपरीशनला हू म्हनलं. न्हाईतर आले आसते व्हय मी हितं मरायला?”

हरणाबाईनं फणी परत उचलली. “बसायचं,” ती म्हणाली. “तुम्हीच बसायचं. कसं ते मी बघते.”

बोलून तर बसली, पण कसं ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. आजवर बायकांच्या चोळीत ती कापसाची घडी घालून द्यायची. पण कापूस हलका. चार पावलं चाललं की वर सरकून गळ्याशी येतो, आणि भिजला की बोळाच होतो. चिंध्या भरून पाहिल्या, तर त्या उकडतात आणि आत घामोळं उठतं. हरणाबाई रात्रपाळी संपवून खोलीवर जायची आणि झोपायच्या ऐवजी चिंध्या उसवत बसायची.

मार्ग सापडला तो व्हरांड्यात. वॉर्डातली आया अंबूबाई पाय पसरून नातवासाठी उशी शिवत बसली होती. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करतात, तसली. हरणाबाईनं ती उचलून हातात झेलली. दाणे आतल्या आत सळसळले, हाताच्या आकाराचे होऊन बसले. वजनही बेताचं. भिजली तरी मोहरीला घटकाभरात काय होणार, नंतर उन्हात टाकली की काम झालं.

“अंबूबाई, ही मला दे.”

“आन् माज्या नातवाचं डोकं चपटं हू दे व्हय?”

“चपट्या डोक्याची मानसं काय जगत न्हाईत? उद्या पावशेर मोहरी मी आणून देते.”

अंबूबाई पुटपुटत राहिली आणि हरणाबाई उशी घेऊन गेलीसुद्धा. मऊ धुवट धोतराचा तुकडा कापला, पानासारखा खाली रुंद, काखेकडं निमुळता. त्यात मोहरी भरली, तोंड शिवलं. रंगूबाईच्या खणाच्या चोळीला आतून कप्पा लावला. मग पडदा ओढून तिला चोळी घालायला लावली. चोळीची गाठ तिची तिनं बांधली. मदत घेतली नाही.

“चालून बघा.”

रंगूबाई खाटेपासून खिडकीपर्यंत गेली, परत आली. वाकली, उठली. पिशवी जागची हलली नाही. तिनं पदर खांद्यावरून घेतला, दोन्ही बाजूंना हातानं चाचपलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर जरासं हसू दिसलं. मग तिनं आपणहून गाठ सोडली, चोळी उतरवली आणि खाली मान घालून आपल्या छातीवरची ती लांबलचक शिवण बघितली. बराच वेळ बघितली.

“शिंपी बरा हुता की,” ती म्हणाली.

हरणाबाईला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. असं काही ती डॉक्टरांना कधी सांगत नसे. त्यांनी विचारलं की ‘पेशंट चांगलं आहे’ म्हणायची.

शेक संपला, रंगूबाई घरी गेली. घरी भिंतीवर बोटं चालवायची लाज वाटते म्हणाली, तेव्हा हरणाबाईनं तिला ताक घुसळायला लावलं. रवीच्या दोरीनं हात आपोआप मागं-पुढं होतो, सासरी-माहेरी कुणाला शंका येत नाही. तपासणीला आली की ती लोण्याचा गोळा घेऊन यायची. हळूहळू हात डोक्याच्या वर जायला लागला. आणि मग एक दिवस लालासाहेब स्वतः कडक इस्त्रीचा सदरा घालून अक्षत घेऊन आले. “शिष्टर, तुमी आल्याबिगर मंडळी सुरगीला बसायची न्हाई,” ते म्हणाले. “तवा हुकूम समजा.”

हरणाबाई दोन दिवसांची रजा घेऊन एस.टी.नं गेली. लग्नघर म्हणजे काय सांगायचं, दारात मांडव, मागं चुलवाण पेटलेलं, कुणाचा पाय कुणाच्या पायात नाही. ऊस तोडून झालेला, त्यामुळं गाव मोकळं होतं आणि सगळं गाव तिथंच होतं. पोटाच्या ऑपरेशनच्या वेळची शिष्टर म्हणून तिची ओळख झाली. घरात खरं सांगितलं होतं ते फक्त लालासाहेबांना आणि जाऊ बनुबाईला.

हळदीच्या दिवशी सकाळी मलकापूरचं वऱ्हाड शाळेत उतरलं आणि उष्टी हळद वाजतगाजत दारात आली. हळदीबरोबर चक्क वरमाय आलेली, बयाबाई. उंचीपुरी, दणकट बाई, आवाज मांडवाच्या टोकापर्यंत पोचणारा. नवऱ्या मुलाच्या आईनं हळदीला यायची रीत नाही, त्यामुळं बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. “वरमाय कशी काय आली गं?” “हौस दांडगी दिसतीया.” कुणाला काही उलगडा होईना.

आतल्या खोलीत हरणाबाई रंगूबाईला तयार करत होती. चोळी घालायची म्हणून खुंटीवर हात घातला, तर चोळी होती पण कप्पा रिकामा. रंगूबाईनं ट्रंक उचकटली, बनुबाईनं गोधड्या झटकल्या. पिशवी कुठंच नाही.

तेवढ्यात मागच्या दारानं सुलाआत्ती आल्या. ह्या लालासाहेबांच्या आत्या, भावकीतल्या कुठल्याही लग्नात दृष्ट काढायचा मान त्यांचा. तोंडभर आनंद.

“अगं रंगू, लय नजर लागली हुती गं पोरीला. आशी तडतडली मोहरी, चुलीतनं दानं भाईर उडालं. आता बग कशी तरतरी आलीया तिला.”

रंगूबाईचा चेहरा पांढराफटक पडला. “कसली मोहरी, आत्ती?”

“सैपाकात कुठली मिळतीया ह्या गर्दीत. हितं खुटीला तुज्या चोळीत पिसवी घावली. म्हनलं, शानी हाय माजी सून, आदीच बांदून ठेवलीया दिष्टीला. मीठ-मिरची घातली आन् पिसवीसकट दिली चुलीत. फडक्याला पन नजर लागलेली आस्ती.”

आत्तींना वाटलं, आता सून पाया पडेल. सून मटकन खाली बसली. बनुबाईनं आत्तींना गोड बोलून बाहेर काढलं आणि ती कपाळाला हात लावून उभी राहिली.

“जोंधळं भरते फडक्यात,” हरणाबाई म्हणाली. “दोरा कुठाय?”

“कप्प्यात बसंल का ते? पान्यात निसाटलं म्हंजी चारचौघीत शोभा.” रंगूबाईनं मान हलवली. “जाऊ द्या. बने, तू बस माज्या जागी. मला ताप आलाय म्हनून सांग.”

बाहेर हलगी वाजायला लागली. बायकांनी दोनदा हाक मारली. हरणाबाईनं रिकाम्या कप्प्यात पुन्हा एकदा बोटं घालून बघितली. वचन दिलं होतं तिनं, आणि ते चुलीत गेलं होतं.

दार लोटून मनू आत आली. हळदीचं पिवळं लुगडं, कपाळाला मुंडावळ्या बांधायच्या राहिलेल्या. तिनं आईकडं बघितलं, रिकाम्या चोळीकडं बघितलं.

“आये, उठ.”

“ताप आलाय गं मला.”

“न्हाई आला. मला ठावं हाय.” मनू खाली बसली आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन बोलली, पण हरणाबाईला ऐकू गेलं. “पत्र्यावर ती पिसवी वाळत टाकायचीस न्हवं तू? कावळं चोच मारायचं. मीच बसत हुते राखत.”

रंगूबाई लेकीकडं वळली.

“आन् मोडली सोयरीक तर?”

“मोडू दे. दुसरं घर मिळंल. दुसरी आई कुठनं आनू? तू न्हाई बसलीस तर मी बी बसत न्हाई जा.”

पोरगी बापाच्या वळणावर गेलेली, बोलणं पलटणीतलं. रंगूबाईनं डोळे पुसले. लुगड्याचा काष्टा घट्ट केला, चोळीची गाठ बांधली, आणि एका बाजूनं रिकामी असलेली ती चोळी घालून लेकीचा हात धरून बाहेर गेली. पदर मात्र तिनं मुठीत गच्च धरला होता. हरणाबाई मागोमाग गेली आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिली. गडीमाणसांना आधीच बाहेर पिटाळलं होतं.

मायलेकी पाटावर बसल्या. हळद लागली, तोंडाला, हाताला, पायाला. गाणं सुरू झालं. पहिला तांब्या मनूच्या डोक्यावर, दुसरा रंगूबाईच्या. पदर धरला तरी पाण्यापुढं पदर तो काय टिकणार? चौथ्या-पाचव्या तांब्याला लुगडं अंगाला चिकटलं आणि जे होतं ते दिसलं. पुढच्या बाईचं गाणं अडखळलं, मग तिच्या शेजारणीचं, आणि बघता बघता सगळ्याजणी गप्प झाल्या. हलगीवाला तेवढा बाहेर वाजवत राहिला.

तांब्या तेव्हा बयाबाईच्या हातात होता. तो तसाच अधांतरी थांबला.

“ही कवाची गोष्ट?” तिनं विचारलं.

“दिवाळीच्या मागची.”

“पोटाचं म्हनला हुता तुमी.”

“व्हय. खोटं बोलले मी.” रंगूबाईनं मान वर केली. मुठीतला पदर तिनं सोडून दिला. “पोरीचा काय दोस न्हाई ह्यात. काय बोलायचं ते मला बोला, ईनबाई.”

बयाबाई रंगूबाईच्या छातीकडं बघत उभी होती. हरणाबाईला वाटलं, आता ही तांब्या खाली आपटणार. पण बयाबाई वाकली. डावा पंजा तिनं त्या शिवणीवर आडवा धरला, पाण्याची धार तिथं थेट लागू नये म्हणून, आणि उजव्या हातानं हळूहळू पाणी ओतलं.

“गार लागतंय का?”

“न्हाई.”

“मग गानं का थांबलं गं?” ती बायकांवर खेकसली. “कुनी मेलंय व्हय हितं?”

गाणं परत सुरू झालं, आधी चाचरत, मग नेहमीसारखं. सुरगी पुरी झाली. सुताचा वेढा नवरीच्या डोक्यावरून काढला, मायलेकींना उठवलं. पण बयाबाई काही हसली नाही. ती थेट हरणाबाईपाशी आली. “शिष्टरबाई, जरा हिकडं या,” एवढंच म्हणाली आणि गोठ्याकडं चालायला लागली. पाटावरून उठलेल्या रंगूबाईनं ते बघितलं.

गोठ्यात अंधारलेलं होतं. म्हैस रवंथ करत बसलेली. बयाबाईनं इकडंतिकडं बघून विचारलं, “ह्यो रोग आईचा लेकीला येतो का?”

हरणाबाईच्या जिभेवर ‘न्हाई’ आलं होतं. एका शब्दाचं काम. तो उच्चारला की मनूचं लग्न शाबूत, रंगूबाई सुखी, आणि कोण येणार होतं पुढं विचारायला? पण तिनं त्या वॉर्डात एकीच्या मागून काही वर्षांनी तिची लेक आलेलीही पाहिली होती. बाईला खोटं सांगून घरी पाठवणं तिला आजवर जमलं नव्हतं.

“येतोच असं न्हाई,” ती म्हणाली. “पुष्कळ लेकींना येत न्हाई. पण कुणाकुणाला येतो. न्हाई म्हणून मी शपथ घेणार न्हाई. एवढं मात्र सांगते, गाठ हाताला लागली आन् रंगूबाई लगेच आल्या, म्हणून आज पाटावर बसल्या. लाजून बसल्या असत्या तर बसल्या नसत्या. मनूला मी बघायला शिकवीन, कशी चाचपायची ते.”

म्हशीच्या गळ्यातली साखळी वाजली. हरणाबाईच्या मनात आलं, संपलं, ह्या तोंडानं मी लगीन मोडलं.

“कापत्यात तवा लय दुखतंय का?” बयाबाईनं विचारलं.

“गुंगीचं औषध देतात. तेव्हा कळत न्हाई. नंतर दुखतं.”

“आन् नवरा? नवरा नांदवतोय मागनं?”

हा काही सुनेसाठीचा प्रश्न नव्हता. हरणाबाईनं वर बघितलं. बयाबाईची बोटं चोळीच्या गाठीशी झटत होती. हळदीच्या पाण्यानं ओली झालेली बोटं, गाठ काही सुटेना.

“पाडव्यापासनं हाय,” ती खालच्या आवाजात म्हणाली. तो मांडवभर घुमणारा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. “कुनाला सांगिटलं न्हाई. पोराचं लगीन तोंडावर. आईला आसं काय हाय म्हनल्यावर पोरीवाली माघार घेत्यात. सकाळी साळंत उतरल्यावर कळलं, मिरजंच्या शिष्टर लग्नाला आल्यात म्हनून. तवा म्हनलं, हळदीसंग आपुनच जावं. न्हाईतर वरमाय कुठं येती व्हय हळदीला?”

हरणाबाईनं तिचे हात बाजूला केले आणि गाठ स्वतः सोडली. आपले तळवे एकमेकांवर चोळून ऊन केले, मग बोटं ठेवली. सुपारीएवढी होती. तिनं दाबून बघितलं, हलवून बघितलं.

“जाग्यावर घट्ट न्हाई. हलतीय,” ती म्हणाली. “हे बरं हाय. पण थांबायचं न्हाई. देवदर्शन, पूजा झाली की या. लगेच या.”

“एकटी कशी येऊ? घरात काय सांगू?”

तेवढ्यात गोठ्याचं दार करकरलं. रंगूबाई उभी होती. केसांतून पाणी गळत होतं, ओलं लुगडंही बदललेलं नव्हतं. विहिणीचे पाय धरायचे, लेकीसाठी पदर पसरायचा, असंच काहीतरी मनात घेऊन ती धावत आली असणार. तिनं विहिणीची सुटलेली चोळी बघितली, हरणाबाईचा हात कुठं आहे ते बघितलं. कुणी तिला काही सांगायची गरज पडली नाही. बयाबाईनं शरमेनं मान खाली घातली.

रंगूबाई आत आली नाही. दोन पावलं मागं सरकून तिनं दार बाहेरून ओढून घेतलं.

लगेचच सुलाआत्तींचा आवाज आला. “ईनबाई कुठं गेल्या? मानाचं लुगडं द्यायचंय. आन् तू हितं वल्ल्यानं काय करतीस गं? सर बाजूला, आत बगू दे.”

“आत कुनी जायाचं न्हाई, आत्ती.”

“का? काय झालंय काय?”

“ईनबाई आन् शिष्टर बोलत्यात. येतील त्यांच्या येळंला.”

“आगं पर तू लुगडं तरी बदल. समदं गाव बगतंय तुज्याकडं.”

“बगू दे,” रंगूबाई म्हणाली. “मी हाय हितं उभी.”

बयाबाईनं डोळे मिटून घेतले आणि आवळून धरलेले खांदे हळूहळू सैल सोडले. हरणाबाईनं तिला त्या बाजूचा हात डोक्यावर घ्यायला सांगितला आणि ती काख तपासायला लागली.